हलगीखालचा आवाज

जोतिराम हुजरेची मान मोडली तो आवाज कुणीच ऐकला नाही. खडकेवाडीच्या मैदानात हजारो माणसं होती, त्यातली कितीतरी रिंगणाला खेटून बसली होती. पण दोन हलग्या कडकडत होत्या, चारी बाजूंच्या बांबूंवर कर्णे बांधले होते आणि त्यांतून निवेदक घसा फोडून ओरडत होता. जोतिराम पालथा पडलेला, हिंदुराव चौगुलेचा उजवा गुडघा त्याच्या मानेवर, एक हात त्याच्या लंगोटाच्या लांगेत. हिंदुरावने हिसडा देऊन त्याला उलटा केला, पाठ मातीला लागली आणि मैदान उठून नाचायला लागलं. फेटे उडाले, हिंदुरावला लोकांनी खांद्यावर घेतलं. जोतिराम उठत नाही हे कळायला बराच वेळ गेला, आणि कळलं तेव्हाही निवेदक विजेत्याच्या गावाचं नाव घेत होता.

कोर्टाने अपघात म्हटलं. हिंदुराव पुन्हा मैदानात उतरला नाही. पुढे जोतिरामची बायकोही आजाराने गेली, तेव्हा तो खडकेवाडीला जाऊन तिच्या लहानग्या पोराला उचलून कोल्हापूरला घेऊन आला. लोक वाट्टेल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं, घराला लागून तालीम बांधली आणि पोराला आपल्या मुलीबरोबर वाढवलं. पोराचं नाव धैर्यशील, मुलीचं केतकी. तो तिला ताई म्हणायचा, हिंदुरावांना वस्ताद.

या तालमीचा एक कायदा होता, आणि त्यावरून पेठेतल्या इतर तालमी तिची यथेच्छ चेष्टा करत. मातीतल्या कुस्तीत हार मानायची सोयच नसते. पाठ लागली की हरलास, तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. मैदानात 'सोड' म्हणालेला पैलवान पुढे गावात तोंड दाखवू शकत नाही. हिंदुराव वस्तादांनी मात्र जोतिराम गेल्यावर उलटा दंडक घातला. मानेवर नाहीतर सांध्यावर जोर आला की खालच्याने 'सोड' म्हणायचं आणि तळहात मातीवर दोनदा मारायचा. वरच्याने त्या क्षणी सोडायचं, डाव कितीही रंगात आलेला असो. जो सोडायला चुकेल त्याच्या पाठीवर वेताचा फोक. पोरं लहानपणापासून हे इतक्या वेळा करत की झोपेत कुणी 'सोड' म्हटलं तरी त्यांचे हात ढिले पडले असते.

केतकी मोठी होऊन वेगळ्याच धंद्यात शिरली. फाटलेले आवाज नीट करणं हे तिचं काम. या कामाला आपल्याकडे मरण नाही, कारण मोठ्याने वाजलं म्हणजे चांगलं वाजलं ही आपली पक्की समजूत. आवाज मोजणारा काटा लाल पट्ट्यात जाऊन आपटल्याशिवाय रेकॉर्डिंग करणाऱ्याला समाधान नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. जुनी कीर्तनं, लग्नातली गाणी, शाहिरांचे कार्यक्रम, सगळं कचाकचा कापलेलं तिच्याकडे यायचं.

कापलेलं म्हणजे काय, ते इथेच सांगून टाकतो. आवाज ही हवेतली लाट. माइक ती लाट उतरवून घेतो, पण यंत्राला एक छप्पर असतं. लाट छपराहून उंच गेली की तिचा वरचा भाग नोंदवलाच जात नाही. शेंडा जातो आणि तिथे सपाट पठार उरतं. स्पीकरमधून तेच खरखर होऊन बाहेर पडतं. नंतर आवाज कमी केला तरी उपयोग नाही. पठार लहान होतं, शेंडा परत येत नाही.

पूर्वीचे प्रोग्रॅम पठाराच्या दोन्ही बाजूंचा चढ आणि उतार बघून वर अंदाजाने गोल टोपी बसवायचे. एखादा ढोल जरा जोरात वाजला असेल तर तेवढ्यावर भागायचं. पण निवेदक, हलगी आणि गर्दी एकदम ओरडली की सगळं एकाच पठाराखाली गाडलं जातं. त्यासाठी गेल्या काही वर्षांत 'पूरक' नावाचा नवा प्रोग्रॅम आला. पूरकला आधी स्वच्छ नमुने ऐकवायचे, या माणसाचा घसा असा, हे वाद्य असं, ही जागा अशी. मग तो एकेक आवाज स्वतंत्र घडवतो, सगळे एकत्र करतो, त्यांना तेच छप्पर लावून कापतो आणि मूळचं फाटकं रेकॉर्डिंग हुबेहूब मिळतं का ते तपासतो. मिळालं की काम झालं.

यात एक गोम आहे. एकाच पठारावर हजार वेगवेगळे शेंडे बसू शकतात, आणि कापल्यावर सगळे सारखेच दिसतात. पूरक त्यांतला स्वतःला सगळ्यांत ओळखीचा वाटेल तो निवडतो. गेलेलं त्याला सापडत नसतं, तो ते नव्याने घडवतो. केतकीला हे पाठ होतं. नव्या मुलांना ती हेच शिकवायची.

"ताई, खडकेवाडीचं मैदान नीट व्हईल का?" धैर्यशीलने एके दिवशी विचारलं. मैदानाचं चित्रीकरण करणाऱ्याच्या घरात मूळ रेकॉर्डिंग सापडलं होतं. जोतिरामच्या स्मृतिदिनाला गावात ते लावायचं ठरत होतं.

"कशाला तुला ते?"

"बापाचे फोटो हाईत. आवाज न्हाई. गावात समद्यास्नी इचारून झालं. कुणी म्हणतंय भरदार हुता, कुणी म्हणतंय चिरका. मला ऐकायचाय."

केतकीने वडिलांना विचारलं. हिंदुराव जेवत होते. भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"त्यात काय हाय ऐकण्यासारखं," ते म्हणाले. मग तुकडा ताटात ठेवून पुढे म्हणाले, "पण पोराचा हक्क हाय. कर."

जोतिरामच्या घशाचा नमुना त्याच रेकॉर्डिंगात मिळाला. सलामीच्या वेळी तो काही बोलला होता. निवेदकाच्या आणि हलगीच्या नमुन्यासाठी जुन्या मैदानांची रेकॉर्डिंगं होती. राहिले मातीतले आवाज: धाप, घसट, पालथं पडणं, मानेखालून निघणारं कण्हणं. त्यासाठी केतकीला लांब जायची गरज नव्हती. तिने कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर माइक मांडला आणि वडिलांच्या तालमीतला सराव आठवडाभर टिपून पूरकला ऐकवला. इतका स्वच्छ, इतका भरपूर नमुना तिला कधी मिळाला नव्हता. ती खूश होती.

एके दुपारी धैर्यशील तिच्या स्टुडिओत आला. तालमीच्या गल्लीच्या टोकालाच, पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर तिची जागा होती. शेवटचा तुकडा अजून यंत्रात तयार होत होता. तिने पहिला लावला.

हलगी अजून सुरू झालेली नाही. निवेदक बहुतेक पाणी पितोय. दोन पैलवान एकमेकांच्या हातावर माती टाकतात आणि एक मऊ, किंचित घोगरा आवाज म्हणतो, "हिंदुराव, गुडघा बरा हाय का?"

"बरा हाय," दुसरा आवाज म्हणतो. हे केतकीचे वडील, तरुण.

इथे पूरकने काही केलं नव्हतं. हा तुकडा छपराच्या खालीच होता, नुसती धूळ झटकावी तेवढंच तिने केलं होतं. धैर्यशील खुर्चीच्या कडेवर बसला होता. अंगाने रेडा असलेला तो माणूस ओठ दाबून रडू आवरत होता.

"पुन्हा लाव."

तिने लावलं. त्याने पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा लावलं. "असा हुता व्हय," तो म्हणाला. "आणि कुस्तीच्या आधी ह्यांचा गुडघा इचारतोय." केतकीचेही डोळे भरून आले. आपल्या कामाचा तिला त्या दुपारी फार अभिमान वाटला.

तेवढ्यात यंत्राने शेवटचा तुकडा झाल्याची खूण दिली. कुठलंही काम आधी एकटीने ऐकायचं आणि मगच दुसऱ्याला ऐकवायचं, हा तिचा शिरस्ता. पण धैर्यशील समोर होता, नुकताच त्याला बाप भेटला होता. तिने तुकडा लावला, निवेदकाचा आणि हलगीचा आवाज खाली ओढला आणि मातीचा वर घेतला.

धाप. घसट. मग तोच मऊ, घोगरा आवाज, तोंडात माती गेल्यासारखा. "सोड." तळहात मातीवर आपटला, दोनदा. "हिंदुराव, सोड." पुन्हा दोनदा. मग मध्ये काही नाही, फक्त वरच्या माणसाचा श्वास. मग ज्वारीचं वाळलेलं ताट मोडावं तसा एक बारीक कोरडा आवाज.

धैर्यशीलने यंत्राकडे बोट केलं.

"पुन्हा लाव," धैर्यशील म्हणाला.

"धैर्या, थांब जरा."

"लाव म्हणतोय न्हवं."

तिने लावलं नाही. तो उठला, टेबलावरचा स्पीकर वायरीसकट उपटला आणि समोरच्या काचेवर फेकला. काच फुटली आणि तिचा एक तुकडा केतकीच्या कपाळाला लागून गेला. दुसरा स्पीकर त्याने जमिनीवर आपटला, वर पाय दिला. मग मुठीने लाकडी कपाट फोडलं आणि सोललेल्या बोटांनी तिचा खांदा धरून तिला भिंतीला दाबलं.

"तुला ठावं हुतं?"

"न्हाई. आईशप्पथ न्हाई."

"त्यानं सोड म्हटलं. माझ्या बापानं मैदानात सोड म्हटलं, एवढी लाज सोडली, आणि तुझ्या बापानं सोडला न्हाई." तिच्या कपाळातून नाकावर रक्त येत होतं. त्याने ते पाहिलं आणि तरीही तिला एकदा भिंतीवर आदळलं. मग जिना उतरून निघून गेला.

केतकीने वडिलांना फोन लावला. सरावाच्या वेळी हिंदुरावांचा फोन मारुतीच्या कोनाड्यात पडलेला असे. वाजून वाजून बंद झाला. ती काचांत बसली. तिला वडिलांना वाचवायला धावायला हवं होतं, पण ती उठली नाही. ज्या माणसाने तिला सायकल शिकवली, ताप आला की उशाशी बसला, तो दुसऱ्याच्या पोराला घरात आणून इतकी वर्षं त्याच्याकडे बघत होता, आणि हे पोटात ठेवून. तिला वडिलांची किळस आली. ती किळस खरी होती, आणि त्या किळसेबद्दल तिला स्वतःला पुढे कधीही माफ करता आलं नाही.

मग हेडफोन लावून तिने तुकडा पुन्हा ऐकला. सोड. चट, चट. आणि तिचा हात टेबलावर थांबला. हा आवाज ती जन्मभर भिंतीपलीकडून ऐकत आली होती. शब्द, मग दोनदा तळहात, एका ठरावीक लयीत. जगात फक्त एका तालमीत असं करतात. आणि तो कायदा झाला जोतिराम मेला म्हणून. मग जोतिरामने मरताना तो पाळला कसा?

तिने त्याच रेकॉर्डिंगातली आधीची एक कुस्ती काढली. तीही तशीच कापलेली. त्यात इसाक मुजावर नावाचा पैलवान पडला होता. तोच नमुना लावून तिने पूरकला तेवढाच तुकडा भरायला सांगितला. यंत्राला फार वेळ लागला नाही. सोड, इसाक मुजावर म्हणाला. चट, चट.

इसाकचाचांची स्टँडजवळ खानावळ होती. तिने फोन लावला.

"चाचा, केतकी बोलतेय, हिंदुराव वस्तादांची. खडकेवाडीच्या मैदानात तुमी 'सोड' म्हणाला हुता का?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. "कोण म्हणतंय असं?"

"कोणी न्हाई. फक्त सांगा."

"पोरी, खांदा निखळला त्या दिशी माझा. तरी तोंडातनं हूं काढलं न्हाई. मैदानात सोड म्हणायला काय मी तुझ्या बापाच्या तालमीतला हाय?"

ती फोन टाकून धावली.

इकडे तालमीत, केतकी पोचायच्या आधी, पाच-सहा पैलवान जोर काढत होते. धैर्यशील आला तेव्हा त्याच्या हातांतून रक्त ठिबकत होतं. त्याने शर्ट काढून कोपऱ्यात फेकला आणि हौद्यात उतरला.

"वस्ताद, उतरा."

"काय झालं रं हाताला?" हिंदुराव म्हणाले.

"माझा बाप सोड म्हणला हुता. दोनदा म्हणला. माती बडवली त्यानं. तुमी सोडलं न्हाई."

जोर काढणारे थांबले. हिंदुराव हौद्याच्या काठाशी आले. खडकेवाडीत मला फक्त हलगी ऐकू येत होती, हे त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं, कोर्टाला सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं. ते खरंच होतं. पण हलगीखाली काही असलं तर, ही शंका त्यांनी कुणापाशी काढली नव्हती. इतकी वर्षं ती त्यांच्या छातीत बसून होती. तालमीचा कायदा तिच्यातूनच आला होता.

"तू ऐकलंस?"

"ह्या कानानं. ताईनं लावलं."

"केतकीनं?" मुलीच्या यंत्रांवर त्यांचा फार विश्वास. कुणाचेही गेलेले सूर ती परत आणते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "मग म्हणला आसंल," हिंदुराव म्हणाले. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, मारुतीला हात जोडले, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हौद्यात उतरले. दोघांनी हात मिळवले. हात मिळवल्यावर तिसऱ्याने हौद्यात पाय टाकायचा नाही, ही रीत तिथल्या प्रत्येकाच्या रक्तात होती. काठावरच्यांतलं कुणी पुढे झालं नाही.

म्हातारा असला तरी वस्तादच तो. पहिल्या धडकेला त्यांनी धैर्यशीलला अंगावरून घेतला आणि फेकला. पण ते सवयीने झालं. त्यानंतर त्यांनी डाव केला नाही. धैर्यशीलने कपाळाने त्यांचं नाक फोडलं. कुस्तीत असं करत नाहीत. त्याने बरगडीत कोपर घातलं, केस धरून तोंड मातीत आपटलं, एकदा, परत, परत, आणि लाल माती काळपट झाली. हिंदुरावांच्या तोंडातून एक दात बाहेर पडला. ते गुडघ्यावर उठले तर त्याने पायाने खाली लोळवलं. मग त्याने तेच केलं जे खडकेवाडीच्या मैदानात झालं होतं. वस्तादांना पालथं पाडून उजवा गुडघा त्यांच्या मानेवर ठेवला, एक हात कमरेत घातला.

"म्हणा आता," तो म्हणाला. "म्हणा सोड."

हिंदुरावांचा हात शेजारी मातीवर उघडा पडला होता. बोटं हलली, पण तळहात उठला नाही.

केतकी दारात आली ती तोंडभर रक्त घेऊन. "धैर्या, ते खोटं हाय. मशीननं भरलंय ते. ह्याच तालमीतनं उचललंय."

"तुझा बाप हाय म्हणून बोलतीस."

"इसाकचाचाच्या तोंडात बी तेच घातलंय त्यानं. इचार त्यास्नी. धैर्या, पाया पडते तुझ्या."

त्याने वळून पाहिलं नाही. त्याचा गुडघा आणखी खाली गेला. हिंदुरावांचा चेहरा दाराकडे होता, एक डोळा मातीत, एक उघडा, आणि तो तिच्याकडे बघत होता.

"आबा, म्हणा की," ती ओरडली. "सोड म्हणा."

ते म्हणाले नाहीत. ते म्हणणार नाहीत हे तिला त्या डोळ्यात दिसलं. ती चपलांसकट हौद्यात उतरली, जे तिने जन्मात कधी केलं नव्हतं. त्यांच्या डोक्याशी मातीत पडली. आता तिने विनवणी केली नाही, रडलीही नाही. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला तो शब्द तिने त्याच सुरात, त्याच तोडक्या पद्धतीने म्हटला.

"सोड."

आणि तळहात मातीवर मारला, दोनदा.

धैर्यशीलचे हात सुटले. त्याने सोडले नाहीत, त्याच्या मनात सोडायचं नव्हतं. लहानपणापासून पाठीवर फोक खाऊन शिकलेले ते हात त्याला न विचारता ढिले पडले आणि तो मागे बसला. पण पहिल्या चटेच्या आणि दुसऱ्या चटेच्या मध्ये हिंदुरावांच्या मानेतून एक बारीक कोरडा आवाज आला होता. या वेळी हलगी नव्हती. तालमीतल्या सगळ्यांनी तो ऐकला.

हिंदुराव जगले. छातीखालचं अंग गेलं, हात थोडे हलत राहिले. पोलिसांना त्यांनी सराव चालला होता असं सांगितलं, पण धैर्यशील स्वतःच चौकीत जाऊन बसला होता आणि त्याने सगळं खरं सांगितलं. खटला उभा राहिला. जामिनावर सुटून तो इस्पितळात आला तेव्हा केतकीने त्याच्या तोंडात मारली, आणि तो हलत नाही असं बघून आणखी मारली. नर्सने मध्ये पडून तिला ओढलं.

मग बाहेर बाकावर बसून तिने त्याला सगळं सांगितलं. छप्पर, पठार, शेंडा, नमुना.

"मग माझा बाप खरं काय म्हणला?"

"तिथं काही न्हाईच, धैर्या. ते कापलं गेलंय. त्याखाली काय हुतं ते आता कुणालाच कळायचं न्हाई."

"म्हणला आसंल बी?"

"आसंल बी. नसंल बी."

"तू पुसलंस का ते?"

"पुसलं."

"माझ्या कानातनं पुसलं जात न्हाई," तो म्हणाला. "डोळं मिटलं की म्हणतोय. खोटं हाय म्हणून तू सांगतीस, मला कळतंय बी, तरी म्हणतोय."

केतकी उठून आत गेली. वडिलांना तिने हेच समजावलं तेव्हा त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही, म्हणून डोळ्यांनी हो म्हटलं. आणि तरी एकदा भाताचा घास भरवताना ते आपणहून म्हणाले, "त्यानं म्हटलं, पोरी. मीच ऐकलं न्हाई." तिने पुढचा घास कालवला. तिच्या यंत्राने दोन माणसांच्या डोक्यात एक क्षण कायमचा बसवला होता आणि तो तिला आता काढता येत नव्हता. स्टुडिओ तिने पुन्हा उघडला नाही. खडकेवाडीच्या स्मृतिदिनाला तिने फक्त सलामीचा तुकडा पाठवला आणि बाकीचं खराब झालंय असं कळवलं.

हिंदुरावांना घरी आणलं. त्यांची खाट तालमीच्या भिंतीला लागून टाकली, तसं त्यांनीच सांगितलं. धैर्यशील रोज येऊन दारात उभा राहायचा आणि केतकी रोज दार लावून घ्यायची. तो जात नसे. उन्हात उभा राहायचा, मग संध्याकाळी निघून जायचा. तिला त्याची दया येत नव्हती. तिला त्याला ठार मारावंसं वाटायचं, आणि तो जेवला असेल का असंही वाटायचं.

"येऊ दे त्याला," एके दिवशी हिंदुराव आतून म्हणाले.

"आबा, मला त्याचं तोंड बघवत न्हाई."

"तू बघू नगंस. येऊ दे."

तो आत आला. खाली मान घालून त्याने कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली. संध्याकाळी पट्ठ्याने वस्तादांचे पाय चोळायचे ही तालमीची जुनी चाल. लहानपणी तो रोज चोळायचा. त्याने पायथ्याशी बसून धोतर वर सरकवलं. पाय आता काटकुळे झाले होते. तो पोटऱ्यांपासून वर चोळत आला आणि उजव्या गुडघ्यापाशी त्याचे हात थांबले. केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भिंतीपलीकडे कुणीतरी 'सोड' म्हणालं, दोनदा माती वाजली, सराव पुढे चालू झाला.

धैर्यशील त्या गुडघ्याकडे बघत होता. मग बोलला, आणि केतकीच्या अंगावर काटा आला, कारण आवाज मऊ होता आणि किंचित घोगरा.

"वस्ताद, गुडघा बरा हाय का?"

हिंदुरावांना छातीखालचं काहीच कळत नव्हतं. हात गुडघ्यावर आहे हेही त्यांना दिसत नव्हतं. ते आढ्याकडे बघत राहिले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं.

"बरा हाय," ते म्हणाले.